जंतांचा आणि तांबेऱ्याचा जनुकसंच वाचून मेंढपाळाच्या हाती काय येते?

माणदेशी_वाचक यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे घर सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात आहे. वडिलांकडे साठ-सत्तर दख्खनी मेंढ्या आणि दहा-बारा शेळ्या आहेत, आणि ज्या वर्षी विहिरीला पाणी टिकते त्या वर्षी आम्ही एक-दीड एकर गहू करतो. मी कृषी पदवीधर असलो तरी जनुकशास्त्र परीक्षेपुरतेच वाचले होते, हे आधीच कबूल करतो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या खांडीतील बऱ्याच मेंढ्यांच्या पापण्यांचा आतला भाग पांढराफटक पडला, काहींच्या जबड्याखाली सूज आली आणि चार मेंढ्या दगावल्या. अल्बेंडाझोल दरवर्षीप्रमाणे वेळेवर पाजलेले होते. शेजारच्या वाड्यावरील जाणती माणसे म्हणतात की हे औषध आता जंतांच्या अंगवळणी पडले आहे. योगायोग असा की त्याच हंगामात आमच्या गव्हावर तांबेरा आला, आणि बियाणे देणाऱ्या दुकानदाराने त्याचे कारण सांगितले की या वाणाची ताकद आता गेली. दोन्ही स्पष्टीकरणे मला एकाच साच्यातील वाटली आणि दोन्हींनी समाधान झाले नाही.

जंतांचा आणि तांबेऱ्याच्या बुरशीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला आहे, असे वाचनात आले. त्यातून आमच्यासारख्यांच्या हाती प्रत्यक्षात काय येते? विशेषतः औषधाला दाद न देणारे जंत आमच्याच खांडीत तयार झाले, की दोन वर्षांपूर्वी बाजारातून आणलेल्या मेंढ्याबरोबर ते आले, हे अशा अभ्यासातून सांगता येते का? आणि सांगता आले तर आमच्या वागण्यात त्यामुळे काय बदलावे?

परोपजीवी_अभ्यासक यांचे उत्तर

आपण सांगितलेली लक्षणे चौथ्या पोटात राहून रक्त शोषणाऱ्या हिमोंकस या गोलकृमीशी जुळतात. तरीही एक सावधगिरी आधी नोंदवतो. पापणी पांढरी पडणे आणि जबड्याखाली सूज येणे ही लक्षणे यकृतातील पर्णकृमींमुळेही दिसतात, आणि त्यांच्यावरील उपचार वेगळा असतो. त्यामुळे लेंडीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होईपर्यंत दोष औषधाचा आहे असे गृहीत धरू नये. यापुढे जे लिहितो ते हिमोंकसच आहे असे मानून लिहितो.

"औषध अंगवळणी पडले" ही भाषा समजण्यास सोपी असली तरी तिच्यामुळे चित्र उलटे उभे राहते. औषध घेऊन घेऊन कोणताही एक जंत बदलत नाही. औषध येण्यापूर्वीच त्या लाखो जंतांपैकी काहींच्या जनुकात एखादे अक्षर, म्हणजे डीएनएच्या साखळीतील एक घटक, वेगळे असते. औषधाने बाकीचे मरतात, हे उरतात, आणि पुढची पिढी यांची असते. अल्बेंडाझोल ज्या गटातील आहे त्या गटाची औषधे जंताच्या पेशीतील बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून त्याचे काम थांबवतात. या प्रथिनाच्या साखळीतील २०० व्या जागी फिनाइलअॅलनिन या अमिनो आम्लाऐवजी टायरोसिन हे दुसरे अमिनो आम्ल आले की औषध नीट चिकटत नाही, आणि हा बदल घडण्यास जनुकातील एका टी अक्षराच्या जागी ए येणे पुरेसे असते. १६७ व्या आणि १९८ व्या जागीही असे बदल आढळतात. हिमोंकसची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते, हे ध्यानात घेतले तर असा बदल कुठेतरी आपोआप उपजणे मुळीच आश्चर्याचे नाही. या गटातील पहिले औषध, थायाबेंडाझोल, १९६१ मध्ये बाजारात आले आणि १९६४ मध्येच त्याला न जुमानणाऱ्या हिमोंकसची नोंद झाली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळतो. रोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारे, जंत इथे उपजले की बाहेरून आले, हे सांगता येते, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. दक्षिण भारतातील मेंढ्या-शेळ्यांमधून घेतलेल्या हिमोंकसच्या २३ समूहांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २०० व्या जागेवरील बदल १८ समूहांत सापडला आणि १९८ व्या जागेवरील बदल ८ समूहांत. संशोधकांनी तेवढ्यावर न थांबता त्या बदललेल्या अक्षराच्या आजूबाजूची अक्षरे वाचली. याचे तर्कशास्त्र साधे आहे. एखाद्या गावात एकाच आडनावाची माणसे असली तरी ती एकाच घराण्यातील आहेत की वेगवेगळ्या, हे त्यांच्या वंशावळीवरून कळते. तसेच बदललेले अक्षर एकच असले तरी त्याच्या शेजारची अक्षरे वेगवेगळी निघाली तर तो बदल वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे उपजला असे समजावे, आणि शेजारही सगळीकडे तंतोतंत सारखा निघाला तर तो एकाच ठिकाणाहून पसरला असे समजावे. २०० व्या जागेवरील बदल त्या प्रदेशात किमान तीनदा स्वतंत्रपणे उपजलेला निघाला, तर १९८ व्या जागेवरील बदल सर्व ८ समूहांत एकाच शेजारासह मिळाला. म्हणजे तो एकदाच उपजला आणि बहुधा माणसांनी केलेल्या जनावरांच्या ने-आणीतून दूरवर पोहोचला. एकाच कृमीत, एकाच औषधाविरुद्ध, दोन्ही वाटा एकाच वेळी चालू होत्या.

त्याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष आपल्या खांडीला थेट लागू पडतो. मेंढीतील हिमोंकस आणि शेळीतील हिमोंकस यांच्यात जनुकीय फरक आढळला नाही. एका कुरणात चरणाऱ्या दोन्ही जनावरांत जंत मोकळेपणाने फिरत असतात. त्यामुळे मेंढ्यांना औषध पाजून शेळ्यांना वगळणे, किंवा शेळ्यांना मेंढ्यांच्याच मापाने पाजणे, या दोन्ही गोष्टी त्रासदायक ठरतात. शेळीचे शरीर हे औषध लवकर निकामी करते, म्हणून तिच्या मात्रेचा निर्णय पशुवैद्यकाकडून वेगळा घ्यावा.

जनुकसंचाविषयी थोडक्यात सांगायचे तर हिमोंकसचा पहिला कच्चा आराखडा दोन गटांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला आणि गुणसूत्रांच्या पातळीवरील नीटनेटका आराखडा २०२० मध्ये आला. तो सुमारे २८ कोटी ३० लाख अक्षरांचा असून सहा गुणसूत्रांत विभागलेला आहे.

तांबेरा_निरीक्षक यांचे उत्तर

जंतांविषयीचे वरील विवेचन वाचले. गव्हाच्या बाबतीत दुकानदाराचे म्हणणे त्याच कारणाने चुकीचे आहे, मात्र उलट्या दिशेने. गहू स्वपरागित असल्यामुळे शुद्ध बियाणे असेल तर दहा वर्षांपूर्वीचा वाण आणि आजचा वाण जनुकीयदृष्ट्या जवळजवळ तोच असतो. वाण जागच्या जागी असतो आणि बुरशी पुढे सरकलेली असते. अर्थात बियाणे शुद्ध होते का, ही शंका आपण दुकानदाराकडे जरूर उपस्थित करावी. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते.

"उपजले की आले" हा प्रश्न तांबेऱ्याला विचारला तर आपल्या शेतापुरते उत्तर जनुकशास्त्राच्याही आधीपासून माहीत आहे. मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात गव्हाचे उभे पीक नसते, आणि जिवंत गव्हाशिवाय तांबेरा तग धरत नाही. आग्र्याच्या के. सी. मेहता यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की दक्षिणेकडील निलगिरी व पळणी डोंगरांत आणि उत्तरेकडे हिमालयाच्या रांगांत तो वर्षभर टिकतो व तेथून वाऱ्यावर खाली येतो. म्हणून आपल्या शेतातील तांबेरा दरवर्षी पाहुणाच असतो, आणि आपल्या शेतात फवारणी काटेकोर केल्याने किंवा न केल्याने पुढच्या वर्षीचा तांबेरा कसा असेल ते फारसे ठरत नाही. जंत आणि तांबेरा यांतील हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जंतांची पुढची पिढी आपल्याच कुरणात वाढते, त्यामुळे तिथे एकट्या मेंढपाळाच्या वागण्याला वजन असते.

जनुकसंचाने खरा प्रकाश पाडला तो या पाहुण्यांच्या घराण्यांवर. खोडावरील काळ्या तांबेऱ्याचा जनुकसंच २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची अडचण अशी की या बुरशीच्या प्रत्येक पेशीत दोन स्वतंत्र केंद्रके नांदतात आणि दोन्हींचा मजकूर वेगळा असतो. सुरुवातीच्या आराखड्यांत दोन्ही मजकूर एकमेकांत मिसळून गेले होते. पुढे तंत्र सुधारल्यावर दोन्ही केंद्रके वेगळी वाचता आली आणि २०१९ मध्ये यूजी-९९ या प्रकाराचे मूळ उलगडले. युगांडात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सापडलेल्या या प्रकाराने गव्हाला तांबेऱ्यापासून वाचवणारे एसआर-३१ हे जनुक निकामी केले होते. राय या धान्यातून गव्हात आणलेले हे जनुक जगभरातील असंख्य वाणांत होते, आपल्याकडील पीबीडब्ल्यू ३४३ हा वाणही त्यांपैकीच. वाचनातून असे निघाले की यूजी-९९ मधील एक केंद्रक एका जुन्या, ऑस्ट्रेलियात १९५४ पासून माहीत असलेल्या प्रकारातील केंद्रकाशी अक्षरशः जुळते. म्हणजे लैंगिक संकर न होता दोन बुरश्यांच्या तंतूंनी एकत्र येऊन केंद्रकांची अदलाबदल केली होती. दारूहळदीच्या वर्गातील झुडपांवर होणाऱ्या लैंगिक पिढीशिवाय तांबेऱ्यात मोठी उलथापालथ होत नाही, असे पूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना निर्धास्तपणे शिकवत असू. आपल्या देशात ती झुडपे तांबेऱ्याच्या चक्रात महत्त्वाची नाहीत म्हणून आपण सुरक्षित, असा त्या शिकवण्याचा गर्भितार्थ होता. तो आता सोडून द्यावा लागतो. यूजी-९९ आजवर भारतात आढळलेला नाही, परंतु तो येमेन आणि इराणपर्यंत पोहोचलेला आहे.

दुसरे उदाहरण बांगलादेशातील आहे आणि ते याहूनही बोलके आहे. गव्हावरील ब्लास्ट हा रोग १९८५ मध्ये ब्राझीलमधील पराना राज्यात प्रथम दिसला आणि तीस वर्षे दक्षिण अमेरिकेपुरता राहिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो अचानक बांगलादेशातील आठ जिल्ह्यांत सुमारे १५,००० हेक्टरांवर दिसला. याच प्रजातीच्या बुरशीमुळे तेथील भातावर करपा पडतो, त्यामुळे भातावरील बुरशीच गव्हावर उतरली असावी असा तर्क करणे स्वाभाविक होते. तोफज्जल इस्लाम आणि ब्रिटनमधील सोफियन कामून यांच्या गटांनी शेतातील रोगट पानांतून थेट आरएनए (पेशीत जनुकांवरून तयार होणारी नक्कल) काढून वाचला आणि ती माहिती काही आठवड्यांतच सर्वांसाठी खुली केली. निष्कर्ष स्पष्ट होता. ही बुरशी स्थानिक भातावरील नव्हती. ती दक्षिण अमेरिकेतील गव्हावरील बुरशीची सख्खी होती. पुढे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले की बांगलादेश आणि आफ्रिकेतील झांबिया या दोन्ही ठिकाणचे रोग एकाच वंशाचे असले तरी एकाकडून दुसऱ्याकडे गेलेले नाहीत. ते वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे तेथे पोहोचले.

रोग भातावरून उडी मारून इथेच उपजला असता तर भात आणि गहू एकापाठोपाठ घेणारा प्रत्येक प्रदेश धोक्यात होता आणि सीमेवर काही करण्यात अर्थ नव्हता. तो बाहेरून आलेला असल्यामुळेच पश्चिम बंगालने मुर्शिदाबाद व नदिया या जिल्ह्यांत काही हंगाम गव्हाची पेरणीच बंद ठेवली. त्या शेतकऱ्यांवर हा निर्णय कडक होता, तरी त्यामागचा तर्क मला मान्य आहे. शिवाय सगळीकडे एकच वंश आहे हे कळल्याने त्याच्याविरुद्ध कोणती जनुके चालतील ते तपासणे सोपे झाले. एजिलॉप्स या रानगवतातून गव्हात आलेला २एनएस हा गुणसूत्राचा तुकडा उपयोगी ठरला आणि तो असलेला बारी गम ३३ हा वाण बांगलादेशाने २०१७ मध्ये प्रसारित केला. मात्र २०२३ च्या त्याच अभ्यासातील एक इशाराही विसरू नये. झांबियातील गव्हावरील बुरशीचा प्रयोगशाळेत आफ्रिकेतील नाचणीवरील बुरशीशी संकर होऊ शकला. नाचणी आपल्याकडेही आहे.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक यांचे उत्तर

दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, परंतु प्रश्नकर्त्याच्या वडिलांच्या जागी उभे राहून मला काही सांगावेसे वाटते. तालुक्याच्या दवाखान्यात लेंडीतील अंडी मोजून मिळाली तरी पुष्कळ, अशी परिस्थिती मी नोकरीतील तीस वर्षे पाहिली आहे. तिथे जंतांच्या जनुकातील २०० व्या जागेवरील अक्षर कोण वाचणार? म्हणून त्या अक्षराने शिकवलेले जे बिनखर्चाचे आहे, तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे सगळ्या खांडीला एकाच दिवशी पाजून दुसऱ्या दिवशी स्वच्छ, न चरलेल्या रानात नेण्याची पद्धत बंद करावी. पूर्वी आम्हीच ती शिफारस करत होतो, हेही सांगून टाकतो. त्या पद्धतीत नव्या रानात पडणारी सगळी अंडी औषधातून वाचलेल्या जंतांची असतात. त्याऐवजी पापण्या उलटून पाहाव्यात, ज्या जनावरांचा रंग फिका आहे त्यांनाच पाजावे आणि लालबुंद पापणीच्या धडधाकट जनावरांना सोडून द्यावे. त्यांच्या पोटातील जंतांनी औषध पाहिलेलेच नसते, आणि त्यांची संतती रानात रोधक जंतांची संख्या पातळ ठेवते. पापणीच्या रंगाचा असा तक्ता दक्षिण आफ्रिकेत तयार झाला असून तो याच कृमीसाठी आहे. इतर कृमींना तो लागू नाही.

दुसरी गोष्ट मात्रेची. खांडीतील सरासरी वजनावर औषध काढले की जड जनावरांना ते कमी पडते, म्हणून सर्वांत जड जनावराच्या वजनावर माप ठरवावे आणि पिचकारी बरोबर भरते का ते पाण्याने एकदा मोजून पाहावे. मी पाहिलेल्या पिचकाऱ्यांपैकी बऱ्याच कमी भरत होत्या.

तिसरी गोष्ट विकत आणलेल्या मेंढ्याची. तो आल्या दिवशी खांडीत सोडू नये. वेगळा बांधावा, लेंडी तपासावी, औषध द्यावे आणि पुन्हा तपासून मगच सोडावा. १९८ व्या जागेवरील बदल एकाच ठिकाणाहून आठ समूहांत पोहोचला असे वर लिहिले आहे. तो बहुधा अशाच जनावरांच्या पोटातून गेला असणार.

आणि एक वेगळा मुद्दा. आपण जंतांच्याच जनुकांविषयी बोलत आहोत, मेंढीच्या जनुकांचे काय? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील लहान चणीची गरोळ मेंढी जुळ्या कोकरांच्या जनुकासाठी आणली, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. त्याच संस्थेच्या अभ्यासात असेही दिसले होते की गरोळच्या संकरित कोकरांच्या लेंडीत दख्खनी कोकरांपेक्षा जंतांची अंडी कमी पडतात. ज्या मेंढीची पापणी दरवर्षी औषधाशिवाय लाल राहते तिचीच कोकरे पैदाशीला ठेवणे, हे त्याच वाटेवरचे घरगुती पाऊल आहे.

माणदेशी_वाचक यांचा पुढील प्रश्न

सर्वांचे आभार. बाजारातून आणलेला मेंढा आम्ही त्याच संध्याकाळी खांडीत सोडला होता, हे आता आठवते. वडिलांना पापणी पाहण्याची पद्धत पटली, पण धडधाकट मेंढ्यांना मुद्दाम औषध न पाजणे त्यांच्या गळी उतरवणे अवघड जात आहे.

एक शंका उरते. दुकानदार म्हणतो की अल्बेंडाझोल सोडा आणि आयव्हरमेक्टिन टोचा. त्याच्याविरुद्धचे अक्षरही असेच ओळखता येते का, आणि बदल केला तर किती दिवस निभावेल?

परोपजीवी_अभ्यासक यांचे उत्तर

आयव्हरमेक्टिनची गोष्ट वेगळी आहे. अल्बेंडाझोलच्या बाबतीत नेम कुठे लागतो हे आधी माहीत होते, म्हणून अक्षर सापडले. आयव्हरमेक्टिन १९८१ पासून वापरात आहे आणि ते चेतापेशींतील ग्लुटामेटवर चालणाऱ्या क्लोराइड वाहिन्यांवर काम करते, म्हणून वर्षानुवर्षे त्या वाहिन्यांच्या जनुकांतच शोध चालू होता. मग ऑस्ट्रेलियातील आणि दक्षिण आफ्रिकेतील रोधक जंतांचा औषधाला बळी पडणाऱ्या जंतांशी पिढ्यान्‌पिढ्या संकर करून संपूर्ण जनुकसंच तपासण्यात आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दोन्हींचा कौल पाचव्या गुणसूत्राच्या एकाच भागाकडे गेला, आणि आधी संशय घेतलेली जनुके त्या भागात नव्हती. २०२२ मध्ये त्या भागातील सीकेवाय-१ या जनुकावर लक्ष केंद्रित झाले. तरीही अल्बेंडाझोलसारखी, एका अक्षरावरून निदान करणारी चाचणी त्यातून अजून हाती आलेली नाही. त्यामुळे "किती दिवस निभावेल" याचे उत्तर जनुकावरून देता येत नाही, ते आपल्या खांडीतूनच काढावे लागेल.

त्यासाठी दहा-बारा मेंढ्यांना खुणा करून औषधाच्या दिवशी त्यांच्या लेंड्या वेगवेगळ्या पिशव्यांत गोळा कराव्यात, औषधानंतर चौदाव्या दिवशी त्याच मेंढ्यांच्या पुन्हा गोळा कराव्यात, आणि दोन्ही वेळची अंडी जिल्ह्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेतून मोजून घ्यावीत. घट ९५ टक्क्यांहून कमी असेल तर ते औषध आपल्याकडे संशयास्पद समजावे. या मोजणीची एक मर्यादा आहे. खांडीतील साधारण पाव हिस्सा जंत रोधक होईपर्यंत तिच्यात फरक दिसत नाही, म्हणून निकाल चांगला आला तरी वर पर्यवेक्षकांनी सांगितलेली काळजी सोडू नये. ही मोजणी आधी अल्बेंडाझोलवरच करावी. पर्णकृमींची अंडीही त्याच लेंडीत शोधावीत असे प्रयोगशाळेला आवर्जून सांगावे, कारण चार मेंढ्या नेमक्या कशाने गेल्या हे अजून आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. लेंडी थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. उन्हात राहिली तर अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि मोजणी चुकते.